दिराच्या किस्ती, सासऱ्यांची एफडी आणि घराचं नाक

रामबागची_सून
मंडळी, दोन वर्षं नुसती वाचतेय, आज लिहायची वेळ आली. आमचं इंदूरला एकत्र कुटुंब. सासू-सासरे, आम्ही दोघं, सहावीतली लेक आणि धाकटा दीर. दिराचं वय ३१, लग्न व्हायचंय. विजयनगरला एका कंपनीत आहे, हातात ४६ हजार येतात. राहणं-जेवणं घरीच, त्याचा एक रुपया कुणी मागत नाही.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला दोन माणसं दारात आली. नीटनेटके कपडे, हातात फाइल. सासऱ्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं, गाव कोणतं, आडनाव काय, सगळी चौकशी केली. त्यांना वाटलं स्थळ घेऊन आलेत. (हसू नका.) ते वसुलीवाले निघाले.

रात्री दिराला बसवून विचारलं तेव्हा बाहेर आलं ते असं. पर्सनल लोन ४ लाखांचं, १६ टक्क्यांनी, किस्त ११,३३६. बुलेटची किस्त ५,८००. फोनची ६,०००. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १ लाख ८५ हजार, त्यांचा 'मिनिमम' ९ हजाराच्या वर. शिवाय कुठल्याशा ॲपवरून घेतलेले काही पैसे, त्याचा आकडा तो नीट सांगत नाही.

सासरे म्हणतात, साडेचार लाखांची एफडी आहे, मोडतो, नाक तरी राहील. नवरा म्हणतो, एक पैसा द्यायचा नाही, चार वर्षांपूर्वी दीड लाख भरले होते ते कुठे गेले. सासूबाई काही बोलत नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघून राहिल्या आहेत. माझ्या पाटल्या कोणत्या लॉकरमध्ये आहेत ते त्यांना ठाऊक आहे.

प्रश्न एवढाच. कमावत्या, धडधाकट मुलाचं कर्ज घरानं फेडायचं की नाही?

जिरावन
स्थळ आलंय समजून वसुलीवाल्यांना पाणी! काकांना साष्टांग. पोहे पण झाले का?

रामबागची_सून
पोहे नाही. चहा झाला. एकानं दुसरा कपही घेतला.

भिया_राजवाडा
एफडी बिलकुल मोडू नका. माझ्या चुलतभावाचं आम्ही दोनदा भरलं. दोन्ही वेळा तो रडला, देवापाशी हात ठेवला, "बस दादा, आखरी." तिसऱ्यांदा घेतलं ते पहिल्या दोन्हींपेक्षा मोठं. तुम्ही भरून राहिले ना, की त्याला वाटतं मागे कुणीतरी उभं आहे. भिंत आहे म्हणून माणूस टेकतो.

लष्करवाली
असं कसं हो? पोटचं पोर आहे. त्याच्या दारात माणसं उभी राहिली तर बाप एफडी कुरवाळत बसेल का? बोलायला सोपं आहे.

भिया_राजवाडा
ताई, पोटचं आहे म्हणूनच सांगून राहिलो. परक्याला कोण दोनदा देतं?

निवृत्त_रोखपाल
बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. फेडायचं की नाही ते घरचे ठरवतील. पण कुठलं कर्ज काय चीज आहे हे आधी समजून घ्या, नाहीतर एफडी जाईल आणि कर्ज तिथेच राहील.

क्रेडिट कार्ड. धरा, १ लाख थकलेत. महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागतं, म्हणजे ३,५००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. झाले ४,१३०. आता मिनिमम म्हणून ५ टक्के भरले, ५,०००. मुद्दलातून कमी झाले किती? ८७० रुपये. लाखातले ८७०! आणि माणूस समजतो की आपण दर महिन्याला इमानदारीनं भरतोय. शिवाय जुनी बाकी उभी असली की नव्या खरेदीला ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे मिळत नाहीत. आज भाजी घेतली तर तिलाही आजपासून व्याज. वर्षाचा हिशोब केला तर ४२ टक्के. जुन्या हिंदी सिनेमातला सावकारसुद्धा लाजेल.

म्हणून सगळ्यात आधी कार्ड, मग ॲप, मग पर्सनल लोन, शेवटी बुलेट. आणि बुलेट विकता येते हेही लक्षात ठेवा.

दुसरं. ते लोक साडेसातला आले असं तुम्ही लिहिलंत. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की वसुलीसाठी फोन करायचा तो सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळात. धमकी द्यायची नाही, घरच्यांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही. पुढच्या वेळी कुणी आलं तर दारातच ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. त्रास झाला तर बँकेला लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, वकील लागत नाही.

तिसरं, दिराच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो. तो काढायला लावा. माणूस विसरतो, अहवाल विसरत नाही.

आणि घरात सोनं असेल तर त्यावर कर्ज काढून कार्ड बंद करणं व्यवहारात शहाणपणाचं. ४२ टक्क्यांच्या जागी दहा-बारा टक्के.

मधुवंती
काका, बाकी सगळं पटलं. पण "घरात सोनं असेल तर"? घरात म्हणजे कुणाच्या हातात? दिरानं फोन घ्यायचा, दिरानं बुलेट उडवायची आणि वहिनीच्या पाटल्या बँकेच्या तिजोरीत? व्याजाचा दर बरोबर काढलात, पण पाटल्या कुणाच्या हा प्रश्न गाळलात.

निवृत्त_रोखपाल
मी आकड्यापुरतं बोललो.

मधुवंती
तेच तर. आकड्यापुरतं बोलता बोलता आमच्या आईचे गोठ गेले. काकांच्या दुकानासाठी, "सहाच महिने" म्हणून. दुकान अजून आहे, मल्हारगंजात, चांगलं चालतं. गोठ नाहीत.

काळा_डगला
वकिली करतो, म्हणून चार ओळी. स्त्रीधन बाईचंच, सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच हे स्वच्छ सांगितलंय. त्यामुळे सासूबाईंनी बघत राहायला हरकत नाही, बघण्यानं हक्क बदलत नाही.

आणि मूळ प्रश्न. दिराच्या कर्जावर बाकी कुणाची सही नसेल, जामीन नसेल, तर कायद्यानं वडील, भाऊ, वहिनी कुणीही एक रुपया देणं लागत नाही. उलट दिशेनंसुद्धा तेच. पूर्वी हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुला-नातवांचं धर्मकर्तव्य मानत, सावकार त्यावर दावा लावू शकत. २००५ च्या दुरुस्तीनं ते संपलं. आता वारसाला जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच जबाबदारी.

लष्करवाली
कायद्यानं संपलं, कॉलनीत कुठे संपतं?

मास्तरांची_मुलगी
काळा_डगला, जामिनाचं तुम्ही एका शब्दात उरकलंत. मी जरा सविस्तर लिहिते, आमचं घर त्या एका सहीत गेलं.

बाबा लोकमान्य नगरात राहायचे तेव्हाची गोष्ट, मी नववीत. शाळेतले एक सहकारी, बाबांचे ब्रिज खेळायचे भिडू, घरी आले. सहकारी पतपेढीतून कर्ज घेत होते, जामीनदार हवा होता. बाबांनी पेन काढलं आणि सही केली. वाचलंही नाही. आईनं आतून विचारलं, "काय आहे?" बाबा म्हणाले, "काही नाही, फॉर्म आहे."

दीड वर्षानं त्या गृहस्थांनी शाळा सोडली, गाव सोडलं. बाबांच्या पगारातून कपात सुरू झाली. बाबा पतपेढीत भांडायला गेले, "आधी त्याला शोधा, तो मिळाला नाही तर माझ्याकडे या." तिथल्या कारकुनानं कागद पुढे केला. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच. आधी तो आणि मग तुम्ही, असं नाही. त्यांना वाटलं तर सरळ तुमच्याकडेच येऊ शकतात. बाबा गणिताचे मास्तर. सात वर्षं दर पहिल्या तारखेला पगाराचं पाकीट आणून आईपाशी ठेवायचे आणि न बोलता गच्चीवर जायचे.

माझी सहल, भावाची सायकल, आजीचा मोतीबिंदू, सगळं "पुढच्या वर्षी" झालं. कर्ज संपलं त्या दिवशी आईनं पुरणपोळी केली होती. बाबांनी खाल्ली, म्हणाले, "ऋण फिटलं." आई म्हणाली, "हीण कुठे फिटलं?" तेवढंच. मला वाटतं सात वर्षांत ती त्या विषयावर तेवढंच बोलली.

जिरावन
ताई, वाचून गप्प झालो.

नवीपिढी_जुनाफोन
मला जरा वेगळं म्हणायचंय, शिव्या खायची तयारी आहे. इथे सगळे काका-काकू दिराला दोषी ठरवून मोकळे झालेत. तुमच्या वेळेला किस्तीवर देणारा होता तरी कोण? आज मी दूध मागवायला ॲप उघडतो तर ते विचारतं, 'नंतर द्या?' पगार झाल्याच्या दिवशी बँकेचा मेसेज, 'अभिनंदन, तुम्हाला ५ लाख मंजूर.' मी मागितले नव्हते! मोह दिवसातून पन्नास वेळा दारात उभा करायचा आणि पोरगा घसरला की संस्कार काढायचे. रिझर्व्ह बँकेलाही काळजी वाटली म्हणूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये तिनं बिनतारण कर्जांवरचा जोखीमभार १०० चा १२५ टक्के केला, म्हणजे अशी कर्जं देणं बँकांना महाग केलं ना?

भिया_राजवाडा
छप्पनवर, आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत, तर रोज पन्नास दुकानं बोलावतात भिया. खायचं किती ते आपलं पोट ठरवतं.

नवीपिढी_जुनाफोन
छप्पनवर दुकानदार तुमच्या खिशात हात घालून प्लेट ठेवत नाही.

औषधाचा_डबा
दोघंही हौसेच्याच कर्जावर बोलताय. सगळं कर्ज हौसेचं नसतं हो. माझ्या आईची बायपास झाली, विमा नव्हता, ३ लाख ८० हजार. आम्ही ना फिरायला गेलो, ना फोन घेतला. पाच वर्षं फेडलं. लोक मात्र नजरेनं विचारायचे, 'एवढं कर्ज कसं केलंत?' म्हणून सांगते, ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेलं कुणी आहे त्यांनी आयुष्मानचं कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीनंतर उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आमच्या वेळेला हे असतं तर.

पुणेरी_पाहुणी
लग्न होऊन इंदूरला आले, अजून भाषा शिकतेय. कॉलनीतल्या काकू म्हणाल्या, "अगं बीसी लावून दे, किस्तीबिस्ती लागणार नाहीत." मी घाबरले, इतक्या सोज्वळ काकू शिवी कशी देतात!

जिरावन
😂 भिशी हो, भिशी. आमच्याकडे बीसी.

सराफ्यातली_मावशी
बीसीला हसू नका. आमची वीस जणींची आहे, दर महिन्याला ५ हजार, नंबर निघेल तिला लाख. माझ्या दोन्ही मुलींची कॉलेजची फी बीसीतून गेली. व्याज नाही, कागद नाही, फोन नाही. एकच नियम, ज्यांची घरं आपण आतून बघितलीत त्यांच्याचबरोबर लावायची. बोलीची बीसी, पन्नास-साठ लोकांची बीसी, तिच्या वाटेला जायचं नाही. आमच्या शेजारच्या गल्लीत एक बाई सगळ्यांचे पैसे घेऊन रात्रीत गेली, दारात पायपुसणं तेवढं राहिलं.

दांडियाबाजार
बडोद्याहून नमस्कार. हे सगळं वाचून आमच्या सयाजीरावांची आठवण झाली. प्रजेनं सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून १९०८ मध्ये बँकच काढून दिली, बँक ऑफ बडोदा. बाकी संस्थानिक हत्ती पाळत होते तेव्हा!

लष्करवाली
हत्तीवर जाऊ नका हं. आमच्या शिंद्यांची गंगाजळी होती, ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या तळघरात. अडीनडीसाठी, लढाईसाठी, दुष्काळासाठी. बचतीला आपण 'गंगाजळी' म्हणतो ते ग्वाल्हेरच्या माणसाला उगीच नाही भावत. फक्त एक गडबड झाली असं सांगतात. जयाजीराव शिंदे १८८६ मध्ये गेले तेव्हा त्यांचे चिरंजीव माधवराव लहान होते, आणि खजिना नक्की कुठे हे नीट सांगायचं राहून गेलं. म्हणून मी नवऱ्याला सांगून ठेवलंय, एफडीच्या पावत्या कुठे आहेत ते आजच सांग, मला किल्ला खणता येणार नाही.

जिरावन
बँक काढली, खजिना लपवला, ठीक आहे. आमच्या होळकरांनी इंग्रजांनाच कर्ज दिलं! दुसऱ्या तुकोजीरावांनी, १८७० च्या सुमारास, खंडवा-इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपये. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं. इथे आम्ही वीस वर्षांच्या होमलोनला जन्मठेप म्हणतो.

नवीपिढी_जुनाफोन
साडेचार टक्के? तुकोजीरावांचं ॲप आहे का?

मधुवंती
होळकर निघालेच आहेत तर कामाचं सांगते. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर लागली. दौलतीचा हिशोब वेगळा, खासगीचा वेगळा. दरबाराला कितीही नड असो, खासगी ही राणीची. अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळं बांधली ती या खासगीतून, सरकारी तिजोरीतून नव्हे. मी माझ्या बचत खात्याला 'खासगी' नाव दिलंय. नवरा विचारतो, "थोडे निघतील का?" मी म्हणते, दौलतीला नड असेल तर अर्ज करा, विचार होईल.

रामबागची_सून ताई, तुमच्या पाटल्या खासगीतल्या. विषय संपला.

सराफ्यातली_मावशी
+१. हे वाचून मी आमच्या ह्यांना दाखवलं. ते अर्ज लिहायला बसलेत.

पुणेरी_पाहुणी
एक भाबडा प्रश्न. फोन 'नो कॉस्ट ईएमआय'वर घेतला असेल तर त्यात तोटा काय? व्याज तर शून्य ना?

निवृत्त_रोखपाल
शून्य व्याजावर जगात कुणी पैसे देत नाही, सासरा सोडून. रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळते ती किस्तवाल्याला नाही, किंवा व्याजाएवढी सूट दाखवून तेच व्याज दुसऱ्या हातानं घेतात, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता ते वेगळंच. प्रोसेसिंग फी असेल तर तीही. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच म्हटलंय, शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच नसतो. तोटा दोन-चार हजारांचा असेल फार तर. खरा तोटा असा की १५ हजारांचा फोन घ्यायला निघालेला माणूस ७२ हजारांचा घेऊन येतो, कारण त्याला किंमत दिसत नाही, फक्त ६ हजार दिसतात.

आता रामबागची_सून यांना एक विचारतो, रागावू नका. परवापासून माझ्या डोक्यात घोळतंय. मुलाला भाडं नाही, जेवण नाही, बायको-मुलं नाहीत. पगार ४६ हजार. बुलेट आणि फोन मिळून फार तर तीन लाखांचा माल. कर्ज त्याच्या दुपटीहून जास्त. आम्ही सगळे 'कुणी भरायचं' यावर बोलतोय, पैसा गेला कुठे हे कुणीच विचारलं नाही.

भिया_राजवाडा
काकांनी नस पकडली.

जिरावन
पोरगी?

नवीपिढी_जुनाफोन
पोरीला एवढे लागत नाहीत. मला वाटतं ऑप्शन, शेअर बाजारातला सट्टा. आमच्या ऑफिसात सौद्यांची मुदत संपायच्या वारी, तेव्हाच्या दर गुरुवारी, अर्धा मजला मोबाइल घेऊन बाथरूममध्ये असायचा.

निवृत्त_रोखपाल
मलाही तीच शंका. सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियामकानं, सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले. तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ जणांना तोटा, सरासरी माणशी दोन लाख. आमच्या वेळी मटका होता, निदान तो लपूनछपून खेळत.

काळा_डगला
आणि आणखी एक, जरा अवघड. तुमच्या स्वतःच्या किस्ती किती हो ताई?

रामबागची_सून
माझा प्रश्न दिराचा होता. आमच्या किस्तींचा काय संबंध? आम्ही एकही चुकवलेली नाही.

काळा_डगला
नसेल संबंध. सहज विचारलं.

(चार दिवस धाग्यावर फक्त बीसी, जीरावनचा मसाला कुठे चांगला मिळतो आणि बडोदेकरांची शेव-उसळ खरी की इंदूरची उसळ-शेव, एवढंच चाललं. ती शेचाळीस उत्तरं व्यवस्थापकांनी वेगळ्या धाग्यावर हलवली आहेत.)

रामबागची_सून
आले. रागानं बंद केला होता मोबाइल, खोटं कशाला बोलू.

काळा_डगला, तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून लिहिलं. बायपासकडच्या फ्लॅटचं ३० लाखांचं कर्ज, किस्त २६,०३५. गाडी ११,४००. फ्रिज ३,२००. लेकीचा टॅब २,१५०. एकूण ४२,७८५. आमच्या दोघांच्या पगाराचे शंभरातले ४१. हे चार आकडे मी एकाखाली एक आज पहिल्यांदा मांडले. दर महिन्याला आपोआप कापले जातात म्हणून ते मला खर्चच वाटत नव्हते.

आता दिराचं. अहवाल काढला, त्याच्याच हातानं, डायनिंग टेबलवर, सगळ्यांसमोर. पर्सनल लोनचे राहिलेत २ लाख ९०. कार्डं १ लाख ८५ नाही, २ लाख ३०. बुलेट १ लाख १०. फोन ३६ हजार. ॲप एक नाही, तीन, मिळून ८४ हजार. साडेसात लाख.

नवीपिढी_जुनाफोन, तुमचं बरोबर. ऑप्शन. अडीच-तीन लाख तिथे गेले. पहिल्या महिन्यात १९ हजार कमावले होते म्हणे, त्यातून त्यानं आम्हाला सगळ्यांना सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाऊ घातला होता. मला ती रात्र आठवते. "वा, पगारवाढ झाली वाटतं," मीच म्हणाले होते.

पण कार्डाची जुनी स्टेटमेंट बघताना एक निघालं ते लिहायलाच हवं. सगळ्यात पहिली मोठी रक्कम ६२ हजार. दवाखान्याची. दोन पावसाळ्यांपूर्वी सासूबाईंना डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरल्या, सहा दिवस ॲडमिट होत्या. आम्ही तेव्हा लेकीला घेऊन केरळला. दिरानं कार्ड घासलं आणि आम्हाला फोनवर सांगितलं, "झालं सगळं, तुम्ही फिरा." आम्ही परत आलो. कुणी विचारलं नाही बिल किती झालं. नवऱ्याला वाटलं बाबांनी दिले, बाबांना वाटलं मोठ्यानं दिले. त्यानं मागितले नाहीत. तिथून मिनिमम भरायला सुरुवात. "भरून काढीन म्हणून ऑप्शनमध्ये गेलो," असं तो म्हणाला. नवरा उठून गॅलरीत गेला.

मास्तरांची_मुलगी
माझे बाबा गच्चीवर जायचे.

निवृत्त_रोखपाल
६२ हजारांवर साडेतीन टक्के, जीएसटी धरून महिन्याला अडीच हजार नुसतं व्याज. दोन वर्षांत किती झालं असेल ते मी मांडत नाही.

मधुवंती
मागचं सगळं मागे घेत नाही, ऑप्शन ते ऑप्शनच. पण ते ६२ हजार आणि त्यावरचं व्याज, ते दिराचं कर्ज नव्हे. ते तुमचं.

रामबागची_सून
तेच ठरलं. दवाखान्याचे ६२ आणि वरचं व्याज, रोखपाल काकांच्या हिशोबानं ढोबळ सव्वा लाख, ते आम्ही देतोय. नवऱ्याचा बोनस आणि माझी 'खासगी', अर्ज न घेता. थेट कार्डात भरले, दिराच्या हातात नाही. बुलेट विकली, कर्ज वजा जाता २२ हजार हातात आले, ते ॲपला. तीनपैकी एका ॲपनं पैसे कुठल्याशा तिसऱ्याच खात्यातून पाठवले होते आणि फोनबुक मागून घेतलं होतं. दोन्ही गोष्टी रिझर्व्ह बँकेच्या ॲपवरच्या कर्जांच्या नियमांत बसत नाहीत असं काळा_डगला यांनी खासगी निरोपात सांगितलं, त्याची लेखी तक्रार केलीय. बाकीचं त्याच्या पगारातून, पगार झाल्याच्या दिवशीच २८ हजार. ट्रेडिंगचं खातं बंद केलं, ॲपं त्यानं माझ्यासमोर काढली. बँकवाले "सेटलमेंट करा, निम्म्यात मिटवू" म्हणत होते. रोखपाल काकांनी निरोपात सांगितलं होतं ते आठवलं, मिटवलं तर अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो, पुढे घराचं कर्ज मिळायला जड जातं. म्हणून पूर्णच फेडतोय, अडीच वर्षं लागतील.

एफडी जागेवर आहे. पाटल्या जागेवर आहेत. आणि फ्लॅटच्या कर्जात वर्षाला एक किस्त जादा भरायची ठरवलंय, तेवढ्यानं तीन वर्षांहून जास्त मुदत कमी होते म्हणतात.

लष्करवाली
सासूबाई काय म्हणाल्या?

रामबागची_सून
दोन दिवस काही नाही. मग दिराला म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर सरकारी दवाखान्यात गेले असते." त्यावर तो जो रडलाय.

भिया_राजवाडा
आता माझ्या चुलतभावाला फोन लावावा लागेल. आम्ही दोनदा भरलं, पण कशाचे होते ते आजपर्यंत विचारलं नाही.

जिरावन
ताई, सगळं ठीक. पण आता खरोखर स्थळ आलं तर? काका दार उघडतील का?

रामबागची_सून
उघडतील. हल्ली आधी चष्मा लावतात आणि फाइल आहे का ते बघतात. आणि दिरानं जाहीर केलंय की मुलीला पहिल्या भेटीतच साडेसात लाखांची यादी दाखवणार. सासरे म्हणाले, निदान दुसऱ्या भेटीत दाखव. यावर सध्या घरात भांडण चालू आहे.